सतरा विजय आणि पुढची पन्नास वर्षे

१४ जानेवारी १९७३ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिझियम मैदानावर मायामी डॉल्फिन्स या संघाने वॉशिंग्टनच्या संघाला १४-७ असे हरवले. साखळीतील चौदा, बाद फेरीतील दोन आणि हा अंतिम, असे सतरा सामने त्या हंगामात हा संघ खेळला आणि सतराही जिंकला. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलच्या मुख्य स्पर्धेत असा निर्भेळ हंगाम त्यानंतर कोणत्याही संघाला पुरा करता आलेला नाही. २००७ च्या हंगामात न्यू इंग्लंडचा संघ साखळीतील सोळाही सामने जिंकून अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि तेथे १७-१४ असा हरला.

कुटुंबाच्या आरोग्याला वाहिलेल्या पाक्षिकात या परदेशी विजयगाथेचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्या संघातील अनेक खेळाडूंच्या उतारवयात जे घडले, त्यातून मेंदूच्या आजारांविषयी वैद्यकशास्त्राला बरेच शिकावे लागले. आणि त्यातील पुष्कळसे शिक्षण त्यांच्या बायकामुलांनी, रुग्णाच्या उशाशी बसून, आधी घेतले होते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या घरांना ही हकिगत परकी वाटणार नाही.

प्रथम खेळाविषयी थोडे. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हातात धरून, झेलून वा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत न्यायचा असतो. प्रत्येक डाव काही सेकंदांतच संपतो. चेंडू हलताच दोन्ही बाजूंच्या पुढच्या फळीतील धिप्पाड खेळाडू एकमेकांवर आदळतात. मग पुन्हा रांगा लागतात आणि पुन्हा तेच. एका सामन्यात असे शंभराहून अधिक डाव होतात. सराव वेगळा. प्रशिक्षक डॉन शुला १९७० मध्ये मायामीला आला तेव्हा पहिल्याच शिबिरात त्याने दिवसातून चार-चार वेळा सराव घ्यायला लावल्याचे प्रसिद्ध आहे. प्रेक्षकांना दिसतात ते सामन्यातले आघात. सरावातल्या आघातांची कोणी मोजदाद ठेवत नसे. पुढे येणाऱ्या गोष्टीत या न मोजलेल्या आघातांना फार महत्त्व आहे.

शुलाच्या संघाने आदल्या हंगामाच्या अंतिम सामन्यात डॅलसकडून २४-३ असा सपाटून मार खाल्ला होता. १९७२ चा हंगाम त्या पराभवाची सल घेऊन सुरू झाला. पहिले चार सामने जिंकले. पाचव्यात, १५ ऑक्टोबरला, डावाची सूत्रे हलवणारा मुख्य खेळाडू बॉब ग्रीसी याचा पाय मोडला आणि घोटा निखळला. त्याच्या जागी उतरला अर्ल मोरॉल. वय ३८. या खेळात ते जवळजवळ आजोबांचे वय! आधीच्या संघाने त्याला मोकळे केले होते आणि मायामीने नियमानुसार अवघे शंभर डॉलर मोजून त्याला घेतले होते. शुलाने बाल्टिमोरला असताना त्याला जवळून पाहिले होते, म्हणूनच हा सौदा झाला. या शंभर डॉलरच्या माणसाने साखळीतील उरलेले नऊही सामने जिंकून दिले, बाद फेरीतही क्लीव्हलंडविरुद्ध संघाला तारले, आणि पुढच्या सामन्यात पिट्सबर्गविरुद्ध मध्यंतरानंतर बरा झालेला ग्रीसी परतला तेव्हा कुरकूर न करता जागा सोडली. त्या हंगामातील मला सर्वांत आवडणारा माणूस तोच.

बाकीची नावेही ध्यानात ठेवावीत. लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस या दोघांनी त्या हंगामात चेंडू घेऊन प्रत्येकी हजार यार्डांची मजल गाठली. एकाच संघातील दोघांनी असे करण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या जोडीला जिम कीक होता. आक्रमणाच्या फळीत बॉब कूचेनबर्ग, बचावात बिल स्टॅनफिल, आणि बचावाच्या मधोमध उभा राहून सर्वांना हाका घालणारा निक ब्युओनिकॉन्टी. हा बचाव इतका अप्रसिद्ध होता की वृत्तपत्रांनी त्याला 'बिननावाचा बचाव' असे नाव देऊन टाकले. त्यांचे प्रतिस्पर्धी त्या वर्षी दुबळे होते, असा आक्षेप काही जाणकार घेतात. घेवोत, सतरा सामन्यांत एकदाही न चुकणे ही साधी गोष्ट नाही.

आता चाळीस वर्षे पुढे जाऊ. विजयी संघाला राष्ट्राध्यक्षांनी बोलावण्याची प्रथा १९७३ मध्ये रुळलेली नव्हती. तो मान डॉल्फिन्सना २० ऑगस्ट २०१३ रोजी बराक ओबामांच्या हस्ते मिळाला. तोवर खेळाडूंनी साठी-सत्तरी गाठली होती. पुढल्या एप्रिलमध्ये मोरॉल ७९ व्या वर्षी गेला. त्याला पार्किन्सन होता. कुटुंबाने त्याचा मेंदू बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांकडे सोपवला, आणि परीक्षणाअंती त्यात 'सीटीई', म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी हा विकार आढळला, तोही चौथ्या, सर्वांत गंभीर टप्प्याचा. २१ हंगाम खेळण्याचा हा हिशेब होता. २०१६ मध्ये स्टॅनफिल ६९ व्या वर्षी गेला. स्मृतिभ्रंशाने ग्रासलेल्या या एकेकाळच्या मल्लाला घरातल्या पडण्याने खुब्याचे हाड मोडून अखेरचा धक्का बसला. २०१९ मध्ये ७१ वर्षांचा कूचेनबर्ग आणि ७८ वर्षांचा ब्युओनिकॉन्टी, २०२० मध्ये ७३ वर्षांचा कीक. या साऱ्यांच्या मेंदूत तोच विकार सापडला. ज्यांनी त्या हंगामात डोक्याने धक्के झेलले त्या सर्वांच्याच वाट्याला हे आले असे नाही. झोंकाने तर २०२२ मध्ये आपले आत्मचरित्र प्रसिद्ध केले. परंतु एका छोट्याशा संघात इतकी नावे, हे डोळ्याआड करता येण्याजोगे नाही.

हा विकार होतो कसा? मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो द्रवात तरंगत असतो आणि त्याची घडण खरवसासारखी मऊ असते. सुका नारळ हलवला की आतला गोटा जसा करवंटीवर आपटतो, तसे काहीसे धडक बसताच आत घडते. शिरस्त्राण कवटी फुटू देत नाही, आणि तेवढ्यासाठी ते अमोल आहे. दुचाकीवर बसणाऱ्या प्रत्येकाने ते घातलेच पाहिजे. मात्र आतली हेलकावणी ते पूर्णपणे थांबवू शकत नाही. या हेलकाव्याने चेतातंतू ताणले जातात. त्यांच्या आतील सूक्ष्म नळ्यांना टाऊ नावाचे प्रथिन आधार देत असते. ताणामुळे हे प्रथिन सुटते, बिघडते आणि गुंतागुंतीचे पुंजके करून साचू लागते, विशेषतः मेंदूच्या वळ्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती. ही साचण खेळ थांबल्यावरही वर्षानुवर्षे पसरू शकते. म्हणून तिशीत खेळ सोडलेला माणूस साठीत आजारी पडतो आणि दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानी येत नाही.

यातील सर्वांत महत्त्वाचा धडा असा की माणूस बेशुद्ध पडेल इतका मोठा आघात होणे आवश्यक नसते. ज्यांच्यानंतर खेळाडू उठून, कपडे झटकून पुन्हा रांगेत उभा राहतो, अशा हजारो लहान धक्क्यांची बेरीज अधिक घातक ठरते. जितकी अधिक वर्षे खेळ, तितका धोका मोठा, हे संशोधनातून स्पष्ट झाले आहे. बोस्टनच्या गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या मुख्य स्पर्धेत खेळलेल्या १११ खेळाडूंच्या मेंदूंपैकी ११० मध्ये हा विकार आढळला. आकडा भयंकर आहे, पण तो जपून वाचावा. ज्यांच्या घरच्यांना काहीतरी बिघडल्याची शंका होती, तेच बहुधा मेंदूदान करतात. त्यामुळे सर्वच खेळाडूंमध्ये हेच प्रमाण असेल असा अर्थ त्यातून निघत नाही.

मुष्टियोद्ध्यांमध्ये असा विकार असतो, हे वैद्यकशास्त्राला १९२८ पासून ठाऊक होते. फुटबॉलपटूंमध्ये तो दाखवून दिला बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या शवचिकित्सकाने. २००२ मध्ये पिट्सबर्गचा नामवंत खेळाडू माइक वेबस्टर पन्नासाव्या वर्षी, अत्यंत विपन्नावस्थेत मरण पावला. त्याचा मेंदू वरून पाहता धडधाकट दिसत होता. ओमालूने तरीही त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि २००५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. स्पर्धेच्या चालकांनी १९९४ मध्ये डोक्याच्या दुखापतींसाठी एक समिती नेमली होती. तिचा अध्यक्ष संधिवाताचा तज्ज्ञ होता! त्या समितीतील डॉक्टरांनी ओमालूचा लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. खेळ आणि हा विकार यांच्यात संबंध आहे, हे स्पर्धेच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने जाहीरपणे मान्य करायला २०१६ साल उजाडावे लागले.

येथे ब्युओनिकॉन्टीची आठवण टाळता येत नाही. खेळ सोडल्यावर हा कायद्याचा पदवीधर धूरविरहित तंबाखू बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचा अध्यक्ष झाला आणि या तंबाखूने अपाय होतो हे सिद्ध झालेले नाही, अशी बाजू जाहीरपणे मांडत राहिला. ज्यांच्या घरी तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण आहे त्यांना त्या युक्तिवादाविषयी वेगळे सांगायला नको. पुढे 'अजून पुरेसा पुरावा नाही' हेच पालुपद त्याच्या स्वतःच्या खेळाचे चालक आळवीत राहिले. माणूस मात्र एकरंगी नव्हता. १९८५ मध्ये त्याचा मुलगा महाविद्यालयीन सामन्यात मानेला मार लागून पंगू झाला, तेव्हा त्याने पक्षाघातावर संशोधन करणारी संस्था मायामीत उभारली आणि आयुष्यभर तिच्यासाठी पैसा गोळा केला. सत्तरीनंतर तो स्वतः वारंवार पडू लागला. शर्ट चढवणे, टाय बांधणे जमेनासे झाले. निरनिराळ्या तज्ज्ञांनी निरनिराळी निदाने सांगितली, कारण सीटीईचे निश्चित निदान आजही मृत्यूनंतरच होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याने पत्रकारांसमोर बसून आपला मेंदू संशोधनाला देण्याचे जाहीर केले.

घरात काय होते

आता डॉल्फिन्सचा नसलेला, पण शुलाच्याच हाताखाली बाल्टिमोरला खेळलेला आणि मोरॉलचे चेंडू झेललेला जॉन मॅकी. त्याची गोष्ट सांगायची ती त्याच्या पत्नीसाठी. मॅकीला मेंदूच्या पुढील भागाचा स्मृतिभ्रंश जडला होता. या प्रकारात विसरणे नंतर येते. आधी स्वभाव बदलतो. एकदा विमानतळावरील तपासणीत बोटातली विजेतेपदाची अंगठी काढायला सांगितले तेव्हा तो बिथरला आणि सुरक्षारक्षकांना न जुमानता पुढे निघाला. त्यांनी त्याला खाली पाडून आवरले. रक्षकांना दिसला तो एक आडदांड, अरेरावी करणारा इसम. हाच प्रसंग आपल्याकडे लग्नमंडपात, बँकेत, बसमध्ये वेगळ्या रूपात घडतो, आणि सोबतच्या पत्नीला किंवा सुनेला लोकांच्या नजरा झेलाव्या लागतात.

सिल्व्हिया मॅकी उतारवयात पुन्हा विमानसेविकेच्या नोकरीवर रुजू झाली, कारण नवऱ्याच्या औषधोपचारासाठी विमा हवा होता आणि त्याचे निवृत्तिवेतन पुरत नव्हते. २००६ मध्ये तिने स्पर्धेच्या आयुक्तांना पत्र लिहिले. स्मृतिभ्रंश रुग्णाबरोबर शुश्रूषा करणाऱ्यालाही कसा संपवतो, हे तिने त्यात आडपडदा न ठेवता मांडले. या पत्राचा परिणाम झाला. पुढच्याच वर्षी स्मृतिभ्रंश झालेल्या माजी खेळाडूंसाठी योजना सुरू झाली: शुश्रूषागृहात ठेवल्यास वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत, घरी सांभाळल्यास ५० हजारांपर्यंत साहाय्य. मॅकी ८८ क्रमांकाचा सदरा घालत असे. योजनेचे नावही '८८' असेच पडले. घरी राबणाऱ्या माणसाच्या श्रमाला पैशाचे मोल आहे, हे एका धनाढ्य उद्योगाने मान्य करायला एका पत्नीचे पत्र लागले, याचे मला आश्चर्यही वाटते आणि वाटतही नाही. मॅकी २०११ मध्ये गेला. त्याच्याही मेंदूत सीटीई आढळला.

आपल्या घरी हा खेळ कोणी खेळलेले नसते. एखाद-दुसऱ्यांदा डोके आपटल्याने सीटीई होतो असे मानून कोणी घाबरून जाऊ नये. तो वर्षानुवर्षांच्या सततच्या आघातांचा विकार आहे. परंतु वृद्धांच्या डोक्याला लागलेला मार वेगळ्या कारणाने गंभीर असतो आणि ते कारण प्रत्येक घराने समजून घ्यावे. वयोमानाने मेंदू थोडा आक्रसतो. तो आणि कवटीचे अस्तर यांना जोडणाऱ्या बारीक नीला त्यामुळे ताणलेल्या राहतात. न्हाणीघरात पाय घसरला, दाराची चौकट कपाळाला लागली, एवढ्यानेही त्यातली एखादी फुटते आणि थेंब-थेंब रक्त साचत जाते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, आजोबा गोंधळल्यासारखे वागू लागतात, दिवसा झोपून राहतात, चालताना एका बाजूला झुकतात, बोलताना अडखळतात, डोके दुखते म्हणतात. 'वय झाले', 'विसरायला लागले' असे म्हणून घर ते सोडून देते. हे साचलेले रक्त स्कॅनमध्ये दिसते आणि बहुतेकदा कवटीला लहानसे छिद्र पाडून काढताही येते. मग ज्याला स्मृतिभ्रंश समजले होते तो गोंधळ ओसरू शकतो. म्हणून अचानक किंवा काही आठवड्यांत झपाट्याने बिघडलेल्या स्मृतीविषयी डॉक्टरांकडे जाताना मागच्या दोन-तीन महिन्यांतले पडणे आठवून सांगावे, अगदी किरकोळ वाटलेले देखील.

रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर थांबून पाहणे नको. डोक्याला मार लागला की माणूस बरा दिसत असला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मात्र औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. मार लागल्यावर उलट्या, झटका, वाढती गुंगी, हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही दिसले तर मध्यरात्र असली तरी निघावे. आणि स्टॅनफिलचा शेवट लक्षात ठेवून न्हाणीघरात पकडायला दांडी, रात्री वाटेवर मंद दिवा, सैल चपलांऐवजी पायात घट्ट बसणारी पादत्राणे, एवढे तरी या आठवड्यातच करून टाकावे. मुलगा गावाहून येईपर्यंत थांबायचे काम हे नव्हे.

रुग्णाच्या बदललेल्या स्वभावाशी मात्र युक्तिवादाने लढता येत नाही. मॅकीला अंगठी काढायला भाग पाडणे हा नियमानुसार बरोबर आणि व्यवहारात व्यर्थ उपाय होता. ज्या वस्तूला माणूस शेवटपर्यंत बिलगून असतो, अंगठी, किल्ल्यांचा जुडगा, जुनी पिशवी, ती त्याच्यापासून न काढता काम कसे होईल हे आधी पाहावे. बाहेर जायचे असेल तेथे एखाद्याला आगाऊ कल्पना द्यावी. संताप आला की तो आजाराचा, माणसाचा नव्हे, हे कळूनही आपल्याला राग येतोच. तो येणारच. त्यासाठी आठवड्यातून एखादी दुपार दुसऱ्या कोणाच्या हाती रुग्ण सोपवून घराबाहेर पडण्याची सोय शुश्रूषा करणाऱ्याने हक्काने मागून घ्यावी.

बोस्टनला मेंदू पोहोचल्यावर तेथील संशोधक आणखी एक काम करतात. ते मृताच्या घरच्यांची फोनवरून सविस्तर मुलाखत घेतात. मुलाखत घेणाऱ्याला प्रयोगशाळेत काय आढळले हे ठाऊक नसते, आणि प्रयोगशाळेतल्यांना घरचे काय म्हणाले हे ठाऊक नसते. दोन्ही बाजू स्वतंत्रपणे पूर्ण झाल्यावरच शेजारी ठेवल्या जातात. ते विचारतात: चिडचिड आधी सुरू झाली की विसरणे? पैशांचे व्यवहार चुकू लागले ते कधीपासून? वाट चुकण्याची पहिली वेळ कोणती? ही उत्तरे सूक्ष्मदर्शक देऊ शकत नाही. आपल्या डॉक्टरांनाही हेच हवे असते, आणि घाईच्या तपासणीत आपल्याला नेमके हेच आठवत नाही. कपाटात एक साधी वही ठेवावी. तारीख ठाऊक नसेल तर सणावरून लिहावे: गणपतीत पाहुण्यांची नावे चुकली, दिवाळीत पहिल्यांदा हात उगारला, संक्रांतीच्या आदल्या रात्री पडले, लागले नाही म्हणाले.